मांड्यांचा हात

“सोडू नको. दहा मोजस मी.”

“बोटं तुटी जातीन, मंजुळाना बाप!”

“काही नही तुटत. धर. चार... पाच...”

सहाला धोंडा सुटला आणि धुरपदाबाईच्या पायापासून दोन बोटांवर आदळला. चुडामणने तो उचलून पुन्हा तिच्या अंगठ्यात आणि चार बोटांत उभा दिला. चपटा, वीतभर लांबीचा धोंडा. नदीवरून त्याने स्वतः निवडून आणला होता. पंचवीस वर्षांच्या संसारात ज्याने पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो माणूस बायकोसाठी नदीवर धोंडे वेचत फिरतो, याची गावाला भारी गंमत वाटत होती.

झालं होतं असं. दिवाळीनंतर कापसाची गाडी शेतातून घरी येत असताना धुरपदाबाई वरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सातपुड्याकडचा धनसिंग वैदू बाजाराला धुळ्यात यायचा, त्याने बांबूच्या कामट्या लावून बांधलं. हाड सरळ जुळलं, त्यात त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण चाळीस दिवसांनी पट्टी सुटली तेव्हा बोटं पळी धरल्यासारखी वाकडीच राहिली होती, आणि जोर म्हणाल तर चिमटीत मीठसुद्धा थांबेना.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चालायचंच. धुरपदाबाईचं तसं नव्हतं. खानदेशात लग्न म्हटलं की खापरावरचे मांडे आलेच. दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरायचं, कडा चिमटीने दाबत गोल बंद करायची, आणि मग तो मांडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत वाढवत न्यायचा. पालथ्या खापरावर टाकला की खापर दिसेनासं झालं पाहिजे. असे मांडे धुरपदाबाईसारखे कुणाचे होत नसत. आसपासच्या पाच गावांत लग्नाची तिथी भटजींना विचारून निघायची आणि धुरपदाबाईला विचारून पक्की व्हायची.

आणि आता येत्या वैशाखात तिच्याच लेकीचं, मंजुळाचं लग्न होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना मांडे घातले आणि स्वतःच्या पोरीच्या मांडवात हात बांधून बसायचं, हे तिला सहन होत नव्हतं.

धाकटी जाऊ भिकुबाई एकदा म्हणाली, “अक्का, तू नुसती बशी राय. मांडा मी करी लेसू.” बाई मनाची चांगली, बोलली तेही चांगल्या मनाने. पण ते ऐकून धुरपदाबाई गोठ्यात गेली आणि म्हशीच्या आडोशाला उभी राहून रडली.

ते चुडामणने पाहिलं. रडणाऱ्या बायकोशी काय बोलायचं हे त्याला कधीच उमगलं नव्हतं. तरुणपणी तो धुळ्याच्या तालमीत होता. त्याने मनगट धरलं की समोरच्याचा हात काळानिळा पडायचा. कमजोर अंगावर त्याला एकच औषध ठाऊक होतं, मेहनत. ती त्याने दुसऱ्या दिवसापासून सुरू केली.

सकाळी चिमटीत धोंडा. दुपारी ओल्या धोतराला पीळ. संध्याकाळी मातीची घागर, काठाला वरून पाचही बोटांनी धरून उचलायची, आणि रोज तिच्यात मूठभर वाळू वाढवायची. होळीपर्यंत अर्धी घागर भरली आणि धुरपदाबाई ती उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत नेऊ लागली. पाणवठ्यावरच्या बायका तिला ‘पैलवानीन’ म्हणू लागल्या. ती त्यांच्यावर खेकसायची, पण घरी येऊन नवऱ्याला तेवढं मात्र आवर्जून सांगायची.

लग्नाला तीन आठवडे उरले तेव्हा तिने कणीक तिंबली आणि खापर चुलीवर चढवलं. चुडामण काही काम नसताना दारात घुटमळत राहिला. पाऱ्या लाटल्या, पुरण भरलं. कडा अशा बंद झाल्या की पूर्वीही इतक्या नेटक्या होत नसतील. मग तिने मांडा हातांवर घेतला, आणि बोटांनी तो गच्च पकडला. फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. तिसऱ्याचं पुरण चुलीत सांडून जळकट वास सुटला.

“तुम्ही माले पकड शिकाडी,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “मांडाले पकडतस नही. तो खुल्ला हातवर फिरस.”

चार महिने आपण भलतंच शिकवत होतो, हे चुडामणला फार लागलं. हात आवळायचा कसा हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं, पण उघडायचा कसा हे तालमीत कुणी शिकवलं नव्हतं. तो दिवसभर जेवलासुद्धा नीट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात तिच्यासमोर येऊन बसला. “हात दे,” म्हणाला. तिची पाचही बोटं एकत्र करून त्याने आपल्या मुठीत घेतली. “आते उघड.”

भर उजेडात, अंगणात, नवऱ्याने हात धरलेला! धुरपदाबाई लाजून अर्धी झाली. मंजुळा हंडा उचलून पाण्याला निघाली, घरातले सगळे हंडे भरलेले असताना.

पहिल्या दिवशी काही हललं नाही. चौथ्या दिवशी मुठीच्या आत थोडी चळवळ झाली. आठव्या दिवशी मूठ उघडली, तशी तीच रागावली.

“तुम्ही ढील दी राहिनात.”

“नही दिधी.”

“दिधी. माले समजस.”

मग त्याने ढील दिली नाही.

लग्नाच्या सकाळी मांडवामागे तीन खापरं मांडली. मधल्या खापरासमोरचा पाट धुरपदाबाईचा, तो कुणी सांगायची गरज नव्हती. ती बसली. तिने पहिला मांडा हातांवर घेतला. अंगठा आणि दोन बोटं सरळ झाली, उरलेली दोन झाली नाहीत. तिने सांभाळून, हळूहळू फिरवला. मांडा वाढला, ताटाएवढा झाला, आणि त्यापुढे वाढेना. फाटला मात्र नाही. तिने तो खापरावर टाकला. चहूबाजूंनी खापर दिसत होतं.

शेजारच्या खापरांवरच्या बायका मान वळवून बघू लागल्या.

“निंघना ना, अक्का!” भिकुबाई घाईने कौतुक करत म्हणाली.

धुरपदाबाईने मांडा भाजला, चौघडी करून बाजूला ठेवला आणि पाटावरून उठली. “बस,” ती भिकुबाईला म्हणाली. “पाव्हणा खोळंबी राहिनात.” मग ती पुरणाच्या पातेल्यापाशी गेली आणि दुपारपर्यंत तिने कडा बंद करून दिल्या, एकेक, तिन्ही खापरांना पुरतील इतक्या भराभर.

लग्न लागलं, वऱ्हाडाच्या पंगती उठल्या. वधूचे आईबाप कन्यादानासाठी सकाळपासून उपाशी होते. चुडामण एकटाच ओसरीवर पानावर बसला. धुरपदाबाईने आमरसाची वाटी ठेवली आणि सकाळचा तो जाडसर, लहान मांडा वाढला. त्याने ओळखलं. एक घास रसात बुडवून खाल्ला, आणि सावकाश चावत राहिला.

“आखो शे का?” त्याने आणखी मागितला.

“एकच व्हयना,” ती म्हणाली.

त्याने मांड्याचे दोन भाग केले. आतल्या खोलीत मंजुळाच्या सासरच्या बायका होत्या, त्या बघत होत्या.

“हात कर,” चुडामण म्हणाला. “तू बी उपाशी शेस.”

तिने पदर सावरला आणि उजवा हात पुढे केला.