बर्फात ठेवलेलं इन्सुलिन

मी इन्सुलिनचा एक रेणू बोलतोय. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आधीच नाव सांगून टाकलं. नाहीतर कुपीकडे बघून तुम्ही म्हणाल, यात नुसतं पाणी आहे.

मी म्हणजे मण्यांच्या दोन छोट्या माळा, एकमेकींना टाचलेल्या. काही मण्यांना पाणी फार आवडतं, काहींना पाण्याचा भलताच तिटकारा. कारखान्यात मला पाण्यात सोडलं तेव्हा हे तिटकारेवाले आत लपून बसले, बाकीचे बाहेर राहिले. त्यातून माझी घडी बसली. त्या घडीमुळेच रक्तातली साखर पेशींत शिरते. घडी विसकटली की मी कुणाच्या कामाचा नाही.

मला विकत आणलं अंजनाबाईने. गोराईच्या कोळीवाड्यातली बाई, खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात मासळी विकणारी. तिची एकुलती लेक नेत्रा कॉलेजात जायची. नेत्राचं शरीर इन्सुलिन बनवायचं नाही. रोज आम्हाला टोचून घेतलं तरच पोर जगणार, असा मामला.

मे महिन्यात घरातला फ्रिज बंद पडला.

"आये, या उकाड्यात हे खराब होईल गं," नेत्रा म्हणाली.

"कशाला खराब होतंय? मी हाय ना."

अंजनाबाईने कुपी पिशवीत गुंडाळली आणि पापलेटांच्या पेटीत, बर्फात खोल खुपसली. वर खडेमीठ टाकलं, कारण मिठाने बर्फ जास्त गार होतो हे तिला पक्कं ठाऊक. उभा जन्म तिने बर्फावर मासळी राखली होती. बर्फात ठेवलेली वस्तू बिघडते, हे तिच्या डोक्यात येणार तरी कसं!

आत मात्र आमची वाट लागली. पाणी गोठत गोठत स्वतःचे खडे करून बाजूला सरकलं आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत आम्ही चेंगरलो. माझी घडी सुटली. लपलेले मणी उघडे पडले, शेजाऱ्याच्या उघड्या मण्यांना चिकटले, त्याचे तिसऱ्याला. नुसता गुंता. संध्याकाळी तिने कुपी बाहेर काढली, बर्फ वितळला, पण आम्ही काही सुटलो नाही.

नेत्राने टोचून घेतलं. कुपीत बारीक कण तरंगत होते, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मग धाप लागली.

"आये, औषध लागत नाय गं."

अंजनाबाईने त्याच कुपीतलं आणखी टोचलं. माझा जीव नुसता तुटत होता. शेवटी पोर बोलेनाशी झाली, तेव्हा तिला बोटीतून, मग रिक्षातून हॉस्पिटलात नेलं. उशीर झाला होता. नेत्रा गेली.

डॉक्टर सिद्धेशनी कुपी उजेडात धरली. "काकी, ही कुठे ठेवली होती?"

"बर्फात, डॉक्टर. मासळीच्या मधोमध. जरा म्हणून ऊन लागू दिलं नाय."

डॉक्टर बोलायला गेले आणि थांबले. "बरं," एवढंच म्हणाले आणि मला कचऱ्याच्या पिशवीत टाकलं.

आता मला जाळायला नेतील. तुमच्या घरी कुणी माझ्यावर जगत असेल, तर मला गार ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठलोच तर फेकून द्या. हे सगळ्यांना सांगा. गोराईला अंजनाबाई भेटली, तर तिला मात्र सांगू नका.