नाव नसलेली चिठ्ठी

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी दहावीच्या मुलांना मैदानावर पिटाळलं आणि मुलींना प्रयोगशाळेत बसवलं. कुणी डोकावू नये म्हणून वसुंधराबाईंनी खिडक्या लावल्या, दाराला आतून कडी घातली. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर गर्भारपणाची माहिती द्यायला आल्या होत्या. पनवेलच्या त्या शाळेत ब्याण्णव सालापर्यंत असा तास कधी झाला नव्हता.

मैना शेवटच्या बाकावर होती. मे महिन्यात तिचं लग्न झालेलं शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा भावेश मोरा बंदरात लाँचवर कामाला, आठवड्यातून एकदा उलव्याला घरी यायचा. सासूनं, भामानं, दहावीपर्यंत शिकवायचा शब्द दिला होता. म्हणून रोज एस.टी.त बसलं की मैना मंगळसूत्र काढून कंपासपेटीत ठेवायची. आता चौथा महिना लागला होता.

"अठराच्या आत बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ," सिस्टर सांगत होत्या. "अंगात रक्त नसतं, हाडं वाढायची असतात. झटके येतात, मूल अडतं."

मुली दप्तरामागे तोंड लपवून खुसखुसत होत्या. मैनाला तिथून निघायचं होतं. उठून जावं, तर कडी काढेपर्यंत सगळा वर्ग वळून बघणार. ती बाकाची कड धरून बसून राहिली.

शेवटी सिस्टरांनी चिठ्ठ्या मागितल्या. "नाव घालू नका. मनातलं विचारा."

मैनानं हात आडवा धरून लिहिलं, 'सोळावं चालू असेल आणि चौथा महिना असेल तर ती मरते का?'

चिठ्ठ्या गोळा करताना वसुंधराबाईंची नजर त्या अक्षरावर पडली. तीन वर्षं त्याच अक्षरातल्या वह्या तपासत होत्या त्या. त्यांनी ती चिठ्ठी मुठीत दाबली, सिस्टरांना दिलीच नाही.

तास सुटल्यावर त्यांनी मैनाला थांबवून घेतलं. "तूच ना?"

मैना रडायला लागली. "बाई, शाळेतनं नाव काढू नका. मार्चच्या परीक्षेपर्यंत कुणाला कळणार नाय."

"आणि तोवर तुला काही झालं तर? दवाखान्यात दाखवलंस?"

"मे महिन्यात लगीन झालं माझं. सासू नेत नाय. वय इचारतील म्हणते."

बाईंनाही ते कळत होतं. दवाखान्यात नोंद झाली की गोष्ट शाळेत पोहोचायला वेळ लागणार नव्हता. "सोमवारी जायचं," त्या अखेर म्हणाल्या. "मी येते तुझ्या सासूशी बोलायला."

बाई रविवारी घरी गेल्या. भामानं चहा दिला, ऐकून घेतलं, आणि सोमवारी दवाखान्याच्या रांगेत सुनेच्या कानाशी लागली. "अठरा सांग. न्हायतर माझ्या भावेशला पोलीस न्हेतील."

"वय?" टेबलापाशी त्याच सिस्टर होत्या.

भामाची बोटं मैनाच्या दंडात रुतली. अठरा सांगितलं की सिस्टर चार गोळ्या देऊन घरी पाठवतील, हे मैनाला कळत होतं. पंधरा सांगितलं तर घरी काय वाढून ठेवलंय, तेही कळत होतं.

"पंधरा पुरी," ती म्हणाली.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फक्त सात भरलं. सिस्टरांनी कार्डावर तांबड्या शाईनं खूण केली आणि बाळंतपण मोठ्या इस्पितळातच करायचं असं बजावलं.

महिन्याभरात शाळेच्या पटावरून मैनाचं नाव गेलं. इतर मुलींवर काय संस्कार होतील, असं मुख्याध्यापक म्हणाले. सिस्टरांचा तास पुन्हा झाला नाही. पोलीस कुणी आले नाहीत, पण भामानं सुनेशी बोलणं टाकलं. समोर ताट सरकवायची, तेवढंच.

मे महिन्यात मोठ्या इस्पितळात मैनाला मुलगी झाली, जेमतेम दोन किलोची. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. घरी असतीस तर वाचली नसतीस, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

ऑगस्टात वसुंधराबाई बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज घेऊन आल्या. मैनानं पोर मांडीवर घेऊनच तो भरला.

"खाली घरच्या मोठ्या माणसाची सही लागेल," बाई म्हणाल्या.

भामा सूप घेऊन उंबऱ्यात बसली होती. "भावेशला इचारा," ती तांदूळ पाखडत म्हणाली. भावेश शनिवारी येणार होता. अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती.