एका पंपाला एक झाकण

मांडणीवर वाट्यांना टेकवून ठेवलेला फोन थरथरला आणि वाट्या किणकिणल्या. तोवर घरात चिडीचूप होतं. वेणी ओढली गेली म्हणून पाच वर्षांची चिमणी गाल फुगवून बसली होती आणि तिच्या आईला आज समजूत काढायला सवड नव्हती. आई म्हणजे शेती प्रशिक्षणाच्या प्रकल्पातली ताई. दोन्ही हात लेकीच्या केसांत अडकलेले, म्हणून तिने करंगळीनेच फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडे मास्तरीण होती. हे नाव वर्गातल्या बायकांनीच तिला दिलेलं. गुरुवारी ताई जे शिकवून जायची, ते ही शुक्रवारी पाणी भरताना सगळ्यांकडून घोकून घ्यायची.

"ताई, माझा घेवडा करपला," ती म्हणाली. "काल औषध मारलं. आज पानं भाजल्यासारखी झालीत, फुलांचा सडा पडलाय. एकच झाकण टाकलं हो मी. तुम्ही सांगितलं तसंच."

ताईने विचारलं, बाटली कोणती होती. मास्तरीण म्हणाली, औषध तेच, पण या खेपेला दुकानदाराने मोठी बाटली दिली. स्वस्त पडते म्हणाला.

ताईच्या हातातून वेणीचे पेड सुटले.

पुस्तिकेत मात्रा मिलीमध्ये छापलेली होती. निम्म्या बायकांना ती वाचता येत नव्हती, आणि मापाचे कप कार्यालयातून येता येत नव्हते; ताईने तीनदा मागणी लिहून दिली होती. शेवटी तिनेच तोड काढली. बाटलीचं झाकण मोजून पाहिलं, बरोबर पाच मिली भरलं, फवारणीच्या एका पंपाला लागतं तेवढंच. मग काय, एका पंपाला एक झाकण. बायकांना ते इतकं आवडलं की वर्ग सुटताना त्या ते एका सुरात म्हणत. कार्यालयातल्या साहेबांनीसुद्धा शाबासकी दिली होती. बाटली मोठी झाली की झाकणही मोठं होतं, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ताईच्याही नाही.

तिने मास्तरणीला हे सांगितलं आणि मग एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. तिघींकडे मोठी बाटली आली होती. त्यातल्या एकीने पंप भरून पाठीवर घेतलाच होता. तिला ताईने आहे तिथे खाली ठेवायला लावला. शेजारीण गावाला गेलेली, म्हणून अर्धी वेणी घातलेल्या चिमणीला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि ती मास्तरणीच्या शेताकडे निघाली.

बांधावर मास्तरणीचा धाकटा दीर उभा होता, हातात ती बाटली घेऊन; मास्तरीण बाजूला. मास्तरणीचा नवरा परगावी बांधकामावर, घरची सगळी जमीन दीरच कसायचा. गेल्या साली मास्तरणीने त्याच्याकडून अर्धा एकर मागून घेतला. तो हसला होता, पण नाही म्हणाला नव्हता. एक हंगाम करून दाखवा वहिनी, जमलं तर तुकडा तुमचा, नाही तर परत माझ्या नांगराखाली, एवढंच बोलला होता. आणि आपल्या बायकोलाही त्याने वर्गाला धाडलं. त्याने धाडलं म्हणून बाकीच्या घरांनीही धाडलं. चौदा बायका यायच्या, त्या या एका माणसाच्या मान हलवण्यावर.

घेवडा उभा होता, पण उन्हात विसरलेल्या कागदासारखा. कडा तपकिरी, कुरकुरीत. चिमणीने एका पानाला हात लावायला बोट पुढे केलं, तसं ताईने तिला मागे ओढून हात घट्ट धरून ठेवला.

दीर आवाज न चढवता बोलला. "ताई, मला एकच सांगा. वर्गात चुकीचं शिकवलं, का वहिनींनी चुकीचं केलं? शिकवणंच चुकत असेल, तर आमच्या बायका उद्यापासून घरी. मी आधी माझीला थांबवतो. आणि वहिनींचं चुकलं असेल, तर हे त्यांचं काम नव्हे, एवढं ठरलं."

ताईने बाटली घेतली. जुन्या झाकणात करंगळीचं टोक मावलं असतं. या झाकणात अख्खा अंगठा बुडाला असता. चौपट तरी असेल.

"भाऊ, हे झाकण..." तिने सुरुवात केली.

"दोन टाकली मी," मास्तरीण मध्येच म्हणाली. "ताई म्हणाल्या होत्या एक. मला वाटलं, कीड फार आहे, होऊ दे दोन. माझाच आगाऊपणा, भाऊजी."

बोलली दिराशी, पण बघत होती ताईकडे. वर्गात कुणी मध्येच कुजबुजलं की ती जशी बघायची, तसं.

चिमणीने मान वर केली. "पण मावशी तर..."

ताईने तिचा हात दाबला.

आता ताईने बोलायला हवं होतं. बोललं तर हा तुकडा वाचत होता आणि चौदा बायकांचा वर्ग बुडत होता. पण वर्गच तेवढा बुडत नव्हता. ताईच्या नेमणुकीची मुदत या महिन्याअखेर संपत होती, आणि चुकीची मात्रा शिकवणारीला पुन्हा कोण घेणार? तिने मनातल्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या. होईनात. आणि तेवढ्यात बोलायची वेळ निघून गेली.

"एवढंच ना," दीर म्हणाला. त्यालाही जरा हलकं वाटलेलं दिसलं. "मग वर्ग चालू राहू द्या. तुकडा मी सोमवारी नांगरतो." जाता जाता तो थांबला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका ताई. तुम्ही तर बरोबरच सांगितलं होतं."

तो दिसेनासा होईपर्यंत दोघी उभ्याच राहिल्या. मग ताईने विचारलं, असं का केलंत.

मास्तरीण वाकून करपलेले वेल उपटायला लागली होती. "शेत पुढच्या साली पुन्हा मागेन. मागायची आता लाज राहिली नाही. पण वर्ग एकदा मोडला, की पुन्हा कोण धाडतंय? माझ्या जावेला आत्ता कुठे पंप पाठीवर पेलायला लागलाय." मातीचे हात झटकून ती उभी राहिली. "त्या झाकणाचं मात्र आजच्या आज सगळ्यांना सांगा. आणि ते कप आणा बाई तुमच्या हापिसातून. का तेही आम्हीच जाऊन मागायचे?"

ताईला हसता आलं नाही. मास्तरीण मात्र थोडंसं हसली, आणि पुन्हा वाकली.

परतीच्या वाटेवर चिमणी स्कूटरवर पुढे उभी होती. सुटलेले केस ताईच्या तोंडावर उडत होते. फाट्यापाशी, ट्रक जाऊ द्यायला ताई थांबली, तेव्हा चिमणीने मागे वळून पाहिलं.

"आई, मावशींनी फोनवर सांगितलं ना, एकच झाकण टाकलं?"

"हो."

"मग मी तेच सांगत होते, तर तू माझा हात का दाबलास?"