सुईपर्यंत उरलेला एक्स-रे

मी एक जुना एक्स-रे आहे. पण मित्रांनो, मला खिडकीपाशी उजेडात धरून बघता येणार नाही, कारण मी फिल्मवर नाही. मी एका इस्पितळाच्या संगणकात, डेटाबेसच्या एका रकान्यात राहतो. माझे सारे अंग आकड्यांचे आहे. हाड आले की आकडा मोठा, हवा आली की लहान, आणि जिथे अगदी काळेकुट्ट, तिथे शून्य. हे शून्य लक्षात ठेवा. त्याच्यामुळेच माझ्या जिवावर बेतले होते.

माझा जन्म नऊ वर्षांपूर्वीचा. कपडे शिवणारी एक बाई कामावर लागण्याआधीच्या तपासणीसाठी आली होती. तंत्रज्ञाने तिला हनुवटी वर करायला लावली, श्वास धरायला सांगितला आणि मी तयार झालो. खांद्यापाशी सवयीने टोचून ठेवलेली सुई काढायला ती विसरली होती. ती सुई माझ्यात पांढरी रेघ होऊन उमटली. तंत्रज्ञाने कपाळावर हात मारला, पण छाती नीट दिसत होती, म्हणून मला तसेच ठेवून घेतले.

मला ठेवण्याचे आणि काढण्याचे काम इस्पितळाच्या संगणकाच्या खोलीतल्या मॅडमच्या प्रोग्रामचे होते. सगळे त्यांना नुसते मॅडमच म्हणत. प्रोग्राम सी भाषेतला, आणि डेटाबेसला द्यायच्या आज्ञा त्याच्या पोटातच लिहिलेल्या. मी अंगाने दांडगा, प्रोग्रामची बादली लहान. एका खेपेला जेमतेम बत्तीस हजार आकडे मावायचे. म्हणून डेटाबेस आधी माझ्या जागेची एक चिठ्ठी द्यायचा. ती धरून प्रोग्राम मला तुकड्यातुकड्यांनी आणायचा आणि प्रत्येक खेपेला बादलीत किती आले ते टिपून ठेवायचा. मॅडमचा नियमच होता, आत काय आहे ते बघायचे नाही, किती आहे ते विचारायचे. तुकडे होताना मला दर वेळी धडकी भरायची, पण मी नेहमी अखंड पोचलो. डॉक्टर म्हणायचे, चित्र कसे स्वच्छ आहे. तेवढ्या कौतुकावर माझी वर्षे गेली. मग मला कोणी उघडेनासे झाले.

नवव्या वर्षी इस्पितळाने नवा डेटाबेस घेतला. आम्हा सर्वांना तिकडे न्यायचे काम संगणकाच्या खोलीत नव्याने आलेल्या साहेबांकडे आले. माणूस हुशार, पण उभा जन्म नावे आणि पत्ते हलवण्यात गेलेला. सी भाषेत मजकुराच्या शेवटी खूण म्हणून एक शून्य असते; कागदावर लिहितो तो शून्याचा आकडा वेगळा. शून्य दिसले की मजकूर संपला. साहेबांनी आम्हालाही त्याच मापाने मोजले. त्यांच्या प्रोग्रामला माझ्यात शून्य दिसले की तो तिथेच थांबायचा आणि पुढचे सारे टाकून द्यायचा. चाचणी घेतली ती डॉक्टरांच्या पत्रांवर, आणि पत्रात मध्येच तसले शून्य कुठून येणार? तिकडे नोंदी मोजल्या, तर एकही कमी नाही. साहेबांची पाठ थोपटली गेली.

माझी नक्कल नेली तेव्हा मी हादरलो. मान पलीकडे गेली, खांदे गेले, सुई गेली. फुफ्फुसातला काळोख सुरू झाला आणि नेणे थांबले. मी पूर्ण होतो तो फक्त जुन्या यंत्रात, आणि जुने यंत्र पुसायचे ठरले होते. त्याची साठवण दोन कपाटांत होती. पहिले कपाट शुक्रवारी, आमचे शनिवारी दुपारी बारा वाजता. मला ओरडता येत नव्हते. शुक्रवारी शेजारचे कपाट गप्प झाले, आणि भीती म्हणजे काय ते मला कळले.

शनिवारी सकाळी तीच शिवणवाली इस्पितळात आली होती. पुढचे मी नंतर मॅडमच्या तोंडून ऐकले. तिला खोकला होता, आणि नव्या एक्स-रेमध्ये एक डाग दिसला होता. डॉक्टरीणबाईंनी जुने चित्र उघडले, तर वर एक पट्टी आणि खाली सगळे राखाडी. त्या म्हणाल्या, चित्र खराब झाले आहे. डाग जुना की नवा ते कळत नाही, तेव्हा छाती उघडून बघावे लागेल. सोबत आलेला भाऊ सही कुठे करायची ते विचारू लागला. शिवणवालीची नजर मात्र पडद्यावरून हटली नाही.

"ही माझी सुई," ती म्हणाली. "दादा, फाटलेलं कापड इतकं सरळ नसतं. हे कुणीतरी कापलंय. म्हणजे उरलेलं कुठंतरी असणार."

डॉक्टरीणबाईंनी लगेच संगणकाच्या खोलीत फोन केला. तेव्हा बाराला दहा मिनिटे कमी होती. मॅडमनी पुसण्याचे काम थांबवले आणि नव्या साहेबांचा प्रोग्राम वाचला. शून्यापाशी थांबणारी ओळ त्यांनी साहेबांना दाखवली. मॅडमनी स्वतःचा जुना प्रोग्राम सुरू केला. चिठ्ठी आली, पहिला तुकडा निघाला, आणि साहेबांचा हात सवयीने व्यवहार पक्का करण्याच्या, म्हणजे काम संपले असे डेटाबेसला कळवण्याच्या कळीकडे गेला. मॅडमनी मनगट धरले.

"आत्ता नाही, साहेब. पक्कं केलंत की चिठ्ठी मेली. शेवटचा तुकडा येऊ दे."

एकेक तुकडा निघत होता. माझा जीव मुठीत होता. शेवटच्या खेपेत बादली अर्धीच भरली, आणि ती अर्धीच भरायला हवी होती, कारण माझे तेवढेच टोक उरले होते. मॅडमनी बेरीज पडताळली. मी पूर्ण पोचलो.

डाग माझ्यातही होता, तेव्हा कोणाच्या नजरेत आला नव्हता इतकेच. नऊ वर्षांपूर्वी जेवढा, आजही तेवढाच. इतक्या वर्षांत न वाढलेला डाग धोक्याचा नव्हता, म्हणून ऑपरेशन टळले. शिवणवाली खुर्चीत बसून रडली, आणि तिचा भाऊ तिच्या खांद्यावर सुई आहे का ते बघू लागला.

नव्या साहेबांनी आम्हाला पुन्हा नेले, या वेळी 'किती' विचारून. पण मित्रांनो, शुक्रवारच्या कपाटातली चार हजार चित्रे परत आली नाहीत. ती आता कुठे मानेपर्यंत आहेत, कुठे खांद्यापर्यंत, आणि त्यांच्या माणसांना अजून ते ठाऊकही नाही.

म्हणून तुमच्यापाशी एवढेच मागतो. जुने काही नव्या जागी न्याल, तेव्हा नग मोजून समाधान मानू नका. एखादे तरी शेवटच्या टोकापर्यंत उघडून बघा, आणि मगच जुने पुसा. मी आता नव्या घरात सुखरूप आहे, पण भीती गेलेली नाही. कोणी मला उघडले की मी आधी माझ्या आकड्यांची शेवटची ओळ चाचपतो.