केटली सुकवायची रीत

आमच्या ओट्यावर दोन केटल्या असायच्या. एक सासूबाईंची, बिडाची, काळीकुट्ट आणि उचलताना मनगट भरून येईल इतकी जड. दुसरी सासऱ्यांची, मातीची, आतून चहा पिऊन पिऊन काळसर झालेली. दोघींच्या मध्ये मिठाची बरणी. ती सरहद्द. ती ओलांडायची मुभा फक्त मला होती, कारण मी सून, म्हणजे दोन्हीकडची नोकर.

त्या दोघांमधून विस्तव जात नव्हता. एका टेबलावर समोरासमोर जेवायची, पण बोलायची माझ्यातर्फे. त्यांना सांग, औषध संपलंय. तिला सांग, ऐकलं मी. नवीन नवीन मला हसू यायचं. मग नवऱ्याने कारण सांगितलं आणि हसू आटलं.

सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे. थोरल्या मुलाला त्यांनी हट्टाने आपल्या हाताखाली घेतलं. सासूबाई नको नको म्हणत होत्या. एक दिवस तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि घरी आला तो चादरीत गुंडाळलेला. त्याला पोचवून आल्यावर सासऱ्यांनी आपल्या केटलीत चहा केला आणि बायकोपुढे धरला. सासूबाईंनी तो मोरीत ओतला. तुमच्या केटलीला यापुढे माझा हात लागायचा नाही, एवढं बोलल्या आणि तेच शेवटचं. थोड्याच दिवसांत बिडाची केटली घरात आली.

मी आले तेव्हा सासऱ्यांनी मला त्यांच्या केटलीची शिकवणी दिली होती. पाणी वेगळ्या पातेल्यात उकळायचं. मातीला आच लावायची नाही. घासणी नाही, साबण तर नाहीच नाही. झालं की गरम पाण्याने विसळून खिडकीत फडक्यावर पालथी घालायची आणि विसरून जायची. म्हातारा या बाबतीत भलताच सोवळा होता.

बिडाचं सगळं उलटं. ओली राहिली की गंजली. म्हणून सासूबाई चहा गाळून झाला की केटली विसळत आणि रिकामीच परत गॅसवर ठेवत, आतला शेवटचा थेंब चुरचुरून उडेपर्यंत. शेंगा निवडताना, माझ्यावर डाफरताना, लक्ष असो वा नसो, हात आपला विसळायचा आणि ठेवायचा.

मग सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली. तोंडातून शब्द निघायचे ते चुरगळलेले. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत, जे घशाखाली उतरेल ते द्या. उतरायचा फक्त चहा, त्यांच्या केटलीतला, माझ्या हातून, चमच्याने. दुसरं काही पुढे केलं की ओठ घट्ट मिटून घ्यायचे.

त्यांचा पलंग स्वयंपाकघराच्या दारासमोरच होता. मी चहा भरवायला बसले की सासूबाई दारात उभ्या राहायच्या, हातात उगाच काहीतरी घेऊन. नंतर मला बाजूला घेऊन विचारायच्या, प्यायले का? मी विचारलं म्हणून सांगू नकोस. मला त्यांचा राग यायचा. अगं बाई, चार पावलांवर आहे तो माणूस, जा की! पण मी सून. 

एका संध्याकाळी त्या भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "हे असेच गेले तर माझ्या हातचा घोटभर चहासुद्धा न घेता जातील गं."

"मग द्या ना, आई."

"त्यांनी तोंड फिरवलं तर?"

मी पुसलेली भांडी फळीवर लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शिलाईच्या कारखान्यातल्या कामावरून परत आले, तर घरात कोणी बोलत नव्हतं, म्हणजे नेहमीसारखंच. चपला काढून पुढे आले आणि तिथेच थबकले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर मातीची केटली, हातात चमचा. त्या केटलीत चहा कसा करायचा हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, इतकी वर्षं तिरक्या डोळ्यांनी बघतच होत्या. त्या चमचा पुढे करत होत्या आणि सासरे पीत होते. एकेक घोट, हनुवटीवरून थोडा ओघळत होता, तो त्या पदराने टिपत होत्या. सासऱ्यांचे डोळे भरले होते. चहा संपला तेव्हा त्यांनी धडधाकट हात उचलून सासूबाईंच्या मनगटावर ठेवला. मला इतकं भरून आलं की मी भिंतीकडे तोंड केलं.

सासूबाई उठल्या. मोठ्या कामातून मोकळ्या झाल्यासारख्या चालत ओट्याशी गेल्या. नळाचा आवाज आला. मी सासऱ्यांची उशी नीट करत होते. गॅस पेटल्याचा आवाज आला तोही मला ऐकू आला, पण या घरात तो दिवसभर ऐकू येतो.

मग कडकन आवाज झाला.

सासूबाई गॅससमोर उभ्या होत्या. केटलीचे दोन तुकडे झाले होते, तोटीकडचा ज्योतीतच पडला होता. त्या तुकड्यांकडे नाही, आपल्या हाताकडे बघत होत्या.

पलंगावरून सासऱ्यांना सगळं दिसत होतं. ज्योत, तुकडे आणि बायकोची पाठ. त्यांचं तोंड वाकडं झालं, घशात घरघर झाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एक शब्द धडपणे बाहेर पडला.

"मुद्दाम."

सासूबाई धावत आल्या, पलंगाला धडकल्या. "अहो, नाही हो. हाताला सवय आहे हो. बिडाची... माझ्या लक्षातच आलं नाही, अहो."

अहो म्हणताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी समजावलं, नवऱ्याने समजावलं. बाबा, बीड असंच सुकवतात, रोज बघता ना तुम्ही? पण त्यांनी डोळे उघडले नाहीत की ओठ उघडले नाहीत. मी तशीच दुसरी मातीची केटली शोधून आणली, ती त्यांच्या उशाशी कोरीच राहिली. सासूबाई रात्रंदिवस चमचा घेऊन बसून होत्या. त्या आठवड्यातच ते गेले.

लोक येऊन गेले, घर रिकामं झालं. एका सकाळी मी ओटा आवरत होते. बिडाची केटली झाकण उघडं टाकून तशीच पडली होती, आत पाणी, तळाला तांबूस थर. मी पाणी ओतलं आणि गॅस पेटवायला हात घातला.

"राहू दे," सासूबाई मागून म्हणाल्या. "सुकवू नकोस. गंजू दे तिला."

त्यांनी केटली माझ्या हातातून घेतली, नळाखाली भरली आणि तशीच गॅसवर चढवली. चहा गढूळ, लालसर झाला. त्यांनी तो दोन कपांत ओतला, एक टेबलाच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि दुसरा स्वतः प्यायल्या, तळाच्या गंजासकट.