बिनभाड्याचा मांडव

राहात्याच्या आसपास कुणाचं लगीन असो, कुणाचं बारसं असो, मांडव आमोसचाच. निळ्याला पिवळी झालर, पिवळ्याला लाल, आणि वारा सुटला की अख्खा मांडव मोरासारखा फुलायचा. भाडं विचारलं की आमोस हात उडवायचा, "घरचंच कार्य हाय, बघू मागनं!" मग माईकवरून पुकारा व्हायचा, "मंडप सौजन्य, आमोसभाऊ!" तेवढ्यावर गडी आठवडाभर जेवल्यासारखा हिंडायचा. आता नाव हवेत, भाडं लोकांच्या खिशात आणि कर्ज आमोसच्या मानेवर अशी वाटणी झाली होती.

"नादारीचा अर्ज टाकलात तर बांबू, कापड, टेम्पो सगळं लिलावात जाईल," सविता वकिलीणबाईंनी बजावलं होतं. "त्यापेक्षा लोकअदालतीत हप्ते ठरवून घेऊ. पण तिन्ही घेणेकऱ्यांच्या सह्या हव्यात. एक जरी उठून गेला तरी मोडलं."

ते तिघे आता लोकअदालतीत समोर बसले होते. पतसंस्थेचा मॅनेजर कल्याण, फुलवाला रंगनाथ, आणि जनरेटरवाला भिमाजी. आमोसच्या शेजारी त्याची बायको कृपा.

"महिन्याला किती जमेल?" पॅनेलवरच्या मॅडमनी विचारलं.

एवढे लोक आपल्या तोंडाकडं बघताहेत म्हटल्यावर आमोसची छाती आपोआप फुगली. "पंचवीस हजार!"

"आषाढात पन?" भिमाजीनं विचारलं.

"जमवू की."

"मॅडम," कृपा पदर सावरत म्हणाली, "आषाढात आमच्या मांडवाखाली फकस्त शेळ्या बसत्यात. लगीनसराईत मोठा हप्ता घ्या, नाताळात बारका घ्या, आनि पावसाळ्यात आमाला इचारू नका."

मॅडम हसल्या. कल्याणनं बाहेर जाऊन अध्यक्षांना फोन लावला आणि परत येऊन मान डोलावली. रंगनाथनं सही ठोकली. भिमाजीनं मात्र पेनाचं टोपण काढलंच नाही.

"माजी एक अट हाय. फुकट मांडव बंद. आनि माईकवर नाव बी बंद."

"आरं, नाव तरी ऱ्हाऊ दे की भिमाजी!"

"माज्या जनरेटरवर तुजं नाव गाजलं. डिझेल माजं, सौजन्य तुजं?"

सगळे हसले, मॅडमसुद्धा. आमोस हसला नाही. एका बाजूला बांबू, कापड, टेम्पो, पोटापाण्याचं सगळं; दुसऱ्या बाजूला माईकवरचा पुकारा. आणि आपण अजून विचारच करतोय, हे ध्यानात आल्यावर त्याची कानशिलं तापली.

"लिहा मॅडम," तो पुटपुटला. "अट लिहा."

भिमाजीनं टोपण काढलं.

बाहेर लिंबाखाली आल्यावर रंगनाथनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "आमोसभाऊ, आमच्या धनश्रीचं लगीन माघात हाय. मांडव तुमचाच. आपलं घरचंच कार्य."

आमोसचं तोंड सवयीनं उघडलं. हातही उडायच्या बेतात होता. कल्याण थांबला, भिमाजीनं गाडीची चावी फिरवायची सोडली. कृपा तेवढी लिंबाच्या शेंड्याकडं बघत राहिली.

"भाडं पडंल, दादा," आमोस बोलून गेला.

"पडंल की. किती?"

भाड्याचा आकडा आमोसनं जन्मात कधी उच्चारला नव्हता. संडे स्कूलमध्ये पहिल्यांदा बायबलचं वचन म्हणायला उभं केलेल्या पोरासारखा आवाज फुटला, "अठरा हजार."

"लई झालं. माजं येणं तुमच्याकडं हाय, त्यातनं वळतं करा."

"वळतं न्हाई. हप्ता तिघांचा हाय, तुमच्या एकट्याचा न्हाई." एवढं बोलून झाल्यावर आमोसला स्वतःचीच जरा भीती वाटली. पण जीभ थांबेना. "आनि इसार आत्ताच लागंल."

"कोर्टातनं भाईर पडला न्हाई तर सावकार झाला की रं!" भिमाजी खिदळला.

रंगनाथनं कुरकुरत खिशातून नोटा काढल्या. आमोसनं त्या घेतल्या, दोनदा उलटून पाहिल्या आणि कृपापुढं धरल्या. सोडताना बोटं जरा रेंगाळली. तिनं हळूच ओढून घेतल्या.