अद्वय की मियाके

मंजुषाला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू लंबगोल असतो, हेल्मेट घातलेली पोरं एकमेकांवर आदळतात आणि दर दोन मिनिटांनी खेळ थांबतो, एवढंच तिला दिसायचं. पण तिचा एकुलता एक मुलगा अद्वय क्योतोच्या एका विद्यापीठात चार वर्षं हाच खेळ खेळत होता, आणि तोही क्वार्टरबॅक म्हणून. म्हणजे चेंडू आधी त्याच्या हातात येणार, आणि तो कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हातात द्यायचा, हे त्यानं क्षणात ठरवायचं. ज्या मुलाला घरी आमटी हवी की कढी हे विचारलं तर "काहीही" म्हणायची सवय, तो मैदानावर अकरा जणांसाठी ठरवतो, याचं तिला मनातून हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

तोक्योतल्या फुनाबोरीच्या घरात ती आता बहुतेक एकटीच असे. नवरा नीलकंठ नागोयाला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेला, सहावं वर्ष चालू होतं. महिन्यातून दोनदा यायचा, कपडे धुवायला टाकायचा, झोपायचा आणि जायचा. अद्वय पाच वर्षांचा असताना ते पुण्याहून इथे आले. तेव्हा तो तोंडाला कुलूप न लावणारा पोरगा होता. मग शाळेत जायला लागला, आणि घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत एका शब्दाचं उत्तर यायला लागलं. पुढे पुढे तेही येईना, नुसती मान हलायची.

त्याची टीम गेल्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली. अनुभवी पोरं पास होऊन गेली, काहींनी क्लबच सोडला, आणि ओकुदा नावाच्या नव्या प्रशिक्षकानं पहिल्यापासून बांधणी सुरू केली. क्वार्टरबॅक दोन उरले. एक चौथ्या वर्षाचा अद्वय, दुसरा दुसऱ्या वर्षाचा मियाके. सीझन सुरू होण्याआधी ऑगस्टमध्ये एक सराव सामना होता. त्यात दोघांना अर्धा अर्धा वेळ मिळणार होता आणि त्यावरून ओकुदा ठरवणार होते.

हे सगळं तिला लाइन या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या, क्लबच्या पालकांच्या ग्रुपवरून कळलं. तिनं अद्वयला फोन केला.

"मी येऊ का रे बघायला?"

"यायची गरज नाही."

"येऊ नको म्हणतोयस का?"

"तसं नाही. ऊन फार आहे."

ती गेली. पाळणाघरातल्या नोकरीतून रजा काढली, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, पहाटेची शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडली आणि क्योतो स्टेशनवरून बसनं मैदान गाठलं.

पालक पत्र्याच्या छपराखाली बसले होते. मुलांच्या आया गळ्यात ओले टॉवेल अडकवून सगळ्यांना गार बार्ली चहा वाटत होत्या. "अद्वय-कुनच्या आई ना? इतक्या लांबून!" असं, मुलाच्या नावाला इथल्या रीतीचं "कुन" लावून म्हणत, एका बारीक, हसऱ्या बाईनं तिला शेजारी जागा करून दिली. थोड्या वेळानं कळलं की ती मियाकेची आई. आता उठून दुसरीकडे बसणं बरं दिसलं नसतं.

पहिला अर्धा अद्वयचा होता. त्याचा बारा नंबर तिनं शोधून काढला. आणि मग तिला त्याचा आवाज ऐकू आला. प्रत्येक चाल सुरू होण्याआधी तो रांगेतल्या पोरांना खुणेचे शब्द ओरडून सांगत होता, बोटानं कुणाला डावीकडे सरकवत होता, कुणाला मागे घेत होता. छाती भरून, मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाईल असा खणखणीत आवाज. मंजुषानं हातातला पेला खाली ठेवला. हा आवाज तिच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत उमटला नव्हता. तिला वाटलं, हा असा बोलू शकतो तर.

अद्वयच्या फेकी जवळच्या होत्या, पण चुकत नव्हत्या. दुसऱ्या अर्ध्यात मियाके आला. उंच, लांब हातांचा. त्यानं एक चेंडू असा फेकला की सगळं छप्पर "ओऽऽ" करून उठलं. पुढचे दोन मात्र सरळ समोरच्या टीमच्या हातात गेले.

सामना संपण्याआधीच वाद सुरू झाला. हत्तोरी म्हणून टीमचे एक जुने खेळाडू होते. सत्तरीचे असावेत, आवाज मोठा.

"मियाकेच हवा," ते म्हणाले. "यंदा काही आपण वर जात नाही. टीम उभी करायला दोन-तीन वर्षं लागणार. मग जो दोन वर्षांनी असणार आहे त्याला आत्तापासून खेळवा. चुकू दे, शिकेल."

"पण चौथ्या वर्षाची मुलं काय फक्त पायाचे दगड?" एक आई म्हणाली. "टीम पडली तेव्हा बाकीचे निघून गेले, हीच राहिली. आणि क्वार्टरबॅकला सांभाळणाऱ्या पुढच्या फळीत सगळी पहिल्या वर्षाची पोरं. त्यांना कोणीतरी ओरडून सांगायला नको का?"

"फेक बघितलीत ना मियाकेची?"

"आणि पुढच्या त्या दोन?"

मियाकेची आई मान खाली घालून "नाही नाही, आमचा अजून फार कच्चा आहे" असं पुटपुटत होती. तेवढ्यात हत्तोरी मंजुषाकडे वळले. "अद्वय-कुनच्या आईंना काय वाटतं?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आपल्या मुलाचं कौतुक आपण करायचं नाही, हे ती सदाशिव पेठेतच शिकली होती, आणि जपाननं ते आणखी पक्कं केलं होतं. शिवाय ज्या बाईनं जागा दिली, चहा दिला, ती अगदी कोपराशी बसलेली.

"आमच्या अद्वयचं काय," ती हसून म्हणाली. "मियाके-कुनच छान खेळतो. टीमसाठी तोच बरा."

मियाकेच्या आईनं लगबगीनं वाकून नमस्कार केला. बाकीच्यांनी "छे छे" केलं. आपण शोभेलसं बोललो, असं मंजुषाला वाटलं.

संध्याकाळच्या गाडीआधी अद्वय तिला स्टेशनजवळच्या एका कॅफेत भेटला. केस ओले, मानेवर उन्हाचा लाल पट्टा. पुऱ्यांचा डबा त्यानं न उघडता बॅगेत ठेवला. तो स्ट्रॉनं बर्फ ढवळू लागला.

"आई, तू म्हणालीस म्हणे सगळ्यांसमोर, मियाकेच बरा."

तिचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं तुला?"

"हत्तोरी-सान ओकुदा-सानना सांगत होते. मी तिथेच होतो. म्हणाले, अद्वयच्या आईलासुद्धा तसंच वाटतं."

"अरे, तसं म्हणायचं असतं! त्याची आई शेजारी बसलेली. मी काय म्हणणार, माझाच मुलगा भारी?"

"माहितेय मला." तो मराठीत बोलत होता, शब्द शोधत, एकेक उचलून ठेवावा तसा. "सगळे तसंच म्हणतात. मी पण म्हणालो. ओकुदा-साननी मला विचारलं, तर मी म्हणालो, टीमला मियाके हवा. खरंच हवा. पुढच्या वर्षी तोच असणार." मग म्हणाला, "पण मला वाटलं, कोणीतरी एक जण माझं नाव घेईल. तुला तर खेळ कळत पण नाही. तू घेतलं असतं तरी चाललं असतं."

मंजुषानं खुर्ची पुढे ओढली. मग ती घाईघाईनं बोलत सुटली. तिला फेकी कळत नाहीत, पण त्याचा आवाज ऐकून ती पुढची फळी कशी हलत होती ते तिनं पाहिलं. मियाके आल्यावर तीच पोरं एकमेकांकडे बघत उभी राहत होती. चेंडू लांब गेला तरी तो झेलायला माणूस तिथे असायला नको का. आणि तिच्या मते त्यानंच खेळायला हवं, अगदी पहिल्या मिनिटापासून.

अद्वय ऐकत होता. त्यानं टेबलावर साखरेच्या पुड्या मांडल्या आणि पुढची फळी कशी उभी असते, तिला आवाज का लागतो, मियाकेला अजून काय दिसत नाही, हे तिला समजावलं. शब्द अडला की जपानीत सांगायचा, मग स्वतःच मराठीत आणायची धडपड करायचा. तिनं दोन प्रश्न विचारले. दुसऱ्यावर तो चक्क हसला. "हे तू ओकुदा-सानना विचार," म्हणाला. इतक्या वर्षांत दोघं इतका वेळ समोरासमोर बोलली नव्हती. मग गाडीची वेळ झाली.

आठवड्याभरात निकाल लागला. पण तो अद्वयनं नाही, मियाकेच्या आईनं लाइनवर कळवला. मुलाला सुरुवातीपासून खेळवणार आहेत, हे सगळं अद्वय-कुनच्या आणि तुमच्या मोठ्या मनामुळे, वगैरे. मंजुषानं अद्वयला फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी त्याच्याकडून वाकून नमस्कार करणाऱ्या अस्वलाचं चित्र आलं, बस्स. नीलकंठला सांगितलं तर तो म्हणाला, "खेळ आहे गं. नोकरी मिळालीय ना त्याला ओसाकाला? मग झालं." फोन ठेवल्यावर तिनं दोघांसाठी लावलेला कुकर बंद केला. आज शनिवार असला तरी नीलकंठ येणार नव्हता, हे त्यानं आधीच सांगितलेलं ती विसरली होती.

सप्टेंबरातल्या पहिल्या सामन्याला ती पुन्हा गेली. मियाके खेळत होता. अद्वय रेषेबाहेर टोपी घालून उभा राहून त्याला हातानं खुणा करून दाखवत होता. टीम सतरा गुणांनी मागे पडली. पुढच्या फळीतली पोरं गोंधळली होती आणि मियाके दर वेळी चेंडूसकट जमिनीवर आदळला जात होता. पालकांमध्ये चुळबुळ सुरू झाली.

"घाई झाली का हो जरा?" हत्तोरीच कोणालातरी म्हणाले. आणि सवयीनं मागे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

मंजुषानं या वेळी हसू आणलं नाही. तिनं मनात जपानी वाक्य जुळवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला वाटतं, अद्वय खेळायला हवा. पहिल्यापासूनच त्याला खेळवायला हवं होतं."

या वेळी कोणाचं "छे छे" नाही, की "खरंय" नाही. एका बाईनं पर्स उघडून उगाच काहीतरी शोधलं. मियाकेची आई मैदानाकडे बघत राहिली. तिथे तिचा मुलगा नुकताच पाठीवर पडला होता आणि उठायला वेळ लावत होता. मग ती रुमाल डोळ्यांना लावून उठली आणि खालच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. मंजुषाच्या शेजारची जागा सामना संपेपर्यंत रिकामी राहिली.

अद्वय तिला बस स्टॉपवर गाठायला धावत आला. त्याच्या कानावर गेलं होतं.

"आई, असं नाही बोलायचं. तो खाली पडलेला असताना तर नाहीच."

"मग तूच म्हणाला होतास ना, कोणीतरी..."

"मला म्हणायचं. त्यांना नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच तिला ते अधिक लागलं. तिनं मान हलवली. बस येईपर्यंत तो थांबला, बाबांच्या पाठदुखीची चौकशी केली, तिची पिशवी चढवून दिली आणि टीमकडे पळाला.

नंतर ग्रुपवर तिला कोणी काही वाईट बोललं नाही. निरोप येत राहिले, सर्वांना उद्देशून. पण "अद्वय-कुनच्या आई, येताय ना?" असं विचारणं थांबलं. ऑक्टोबरात ती एकाही सामन्याला गेली नाही. टीम कधी जिंकली, कधी हरली. मियाके हळूहळू सुधारतोय असं हत्तोरींनी ग्रुपवर लिहिलं. ओकुदांचं बरोबर होतं बहुधा.

शेवटचा सामना नोव्हेंबरात होता. अद्वयचा खेळातला शेवटचा दिवस. राहवेना, म्हणून ती कोणाला न सांगता गेली. आपल्या बाजूच्या आयांमध्ये जाऊन बसायचा मात्र तिला धीर होईना. ती मैदानाला वळसा घालून पलीकडच्या, समोरच्या टीमच्या छपराखाली जाऊन बसली. तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं. आजूबाजूचे लोक तिच्या मुलाच्या टीमविरुद्ध ढोल वाजवत होते. ती मांडीवर हात घट्ट धरून बसली.

टीम आरामात पुढे होती, म्हणून शेवटची काही मिनिटं ओकुदांनी अद्वयला आत पाठवलं. मियाकेनं बाहेर येताना त्याच्या हेल्मेटवर दोन्ही हात ठेवले. अद्वयनं तीन छोट्या फेकी केल्या, तिन्ही नीट गेल्या, आणि वेळ संपली.

रिवाजाप्रमाणे पोरं रांगेनं आपापल्या छपरासमोर गेली आणि पालकांना वाकून नमस्कार केला. अद्वयची पाठ तिच्याकडे होती. वाकून सरळ झाल्यावर तो वरच्या रांगांकडे बघत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मंजुषा उभी राहिली, हातही वर केला. ढोलांत आणि तेवढ्या अंतरावरून हाक मारण्यात अर्थ नव्हता. मग बाकीची पोरं वळली, तसा तोही वळला आणि घोळक्यात मिसळला.

परतीच्या गाडीत त्याचा निरोप आला. "आली नव्हतीस?"

"आले होते," तिनं लिहिलं. "समोरच्या बाजूला बसले होते."

"का?"

तिनं दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा पुसलं. नागोया आलं, काही माणसं उतरली, काही चढली, गाडी सुटली. मग तिनं लिहिलं, "तिन्ही फेकी छान होत्या." आणि फोन मांडीवर उलटा ठेवून बसून राहिली.